ओडेटचा साकव

लोरेन: नाही म्हणजे नाही, हार्लन! मी फक्त बीन्सचं भांडं पोचवायला आले. गावसभेच्या जेवणाला आईचं भांडं चुकू नये म्हणून.

हार्लन: अगं, जेवण उरकत आलंय. घंटा झाली की लगेच अकरावा ठराव. तुझ्या आईचा साकव.

लोरेन: पत्रिकेत छापलाय ना? मग घेतील की मताला.

हार्लन: तिथंच चुकतेस. छापून काय होतंय? एकानं उठून मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. नाहीतर सभाध्यक्ष म्हणणार "पुढचा", की संपलं.

लोरेन: मग नदीपलीकडचे आमचे शेजारी मांडतील. साकव त्यांनाच हवाय.

हार्लन: बघ जरा, दिसतंय कोणी? सगळी सत्तरीपुढची माणसं. साकव पुरात गेला, हायवेवर बर्फ. दोन मैलांचा वळसा घालून तू आलीस, ती येणार कशी?

लोरेन: तुम्ही मांडा! गावचे पंच ना तुम्ही?

हार्लन: मी? तीस वर्षं ओडेटच्या प्रत्येक ठरावाला आडवा गेलोय. लोक म्हणतील, म्हातारा मेलेल्या बाईची थट्टा करतोय. आणि मला तो साकव अजूनही पटत नाही. पुढच्या पुरात पुन्हा जाणार.

लोरेन: मग सोडा ना! मला नाही जमत चारचौघांत बोलायला. शाळेत असताना आई इथं उठली, की मी टेबलाखाली तोंड लपवायचे. आणि मी तर इथली मतदारही नाही.

हार्लन: आहेस. यादी बघून आलोय. ऑक्टोबरात नाव चढलंय.

लोरेन: ऑक्टोबरात? तेव्हा तर मी बॉस्टनहून सामान घेऊन आले... थांबा. आईनं एक कागद पुढं केला होता. मी खोकी उघडत होते, न वाचता सही ठोकली. काय बाई आहे ही!

हार्लन: होती.

लोरेन: हो. होती. या गावानंच खाल्लं तिला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई व्हरमाँटच्या जानेवारीत दारोदार सह्या मागत फिरते? खोकला घेऊन घरी आली, बाराव्या दिवशी गेली. कोणामुळे?

हार्लन: माझ्यामुळे.

लोरेन: तसं नाही म्हटलं मी.

हार्लन: मी म्हणतोय. "आधी सह्या आण, मग बघू," हे मीच बोललो होतो. आणि शेवटचं दार माझं होतं. मी घरात होतो, लोरेन. पडद्याआडून बघत होतो. दहा मिनिटं पायरीवर उभी होती ती. मी नाही उघडलं.

लोरेन: ठाऊक आहे.

हार्लन: काय?

लोरेन: पडदा हललेला दिसला तिला. घरी येऊन म्हणाली, "हार्लन भांडायला बाहेर आला नाही गं. बरं नसणार त्याला. उद्या सूप नेऊन दे."

हार्लन: ते सूप... म्हणून आणलं होतंस?

लोरेन: म्हणून.

हार्लन: देवा रे. मला वाटलं, सहीसाठी लाच.

(घंटा वाजते. खुर्च्या सरकतात.)

लोरेन: हे बघा, माझे हात कसे कापताहेत.

हार्लन: तिचेही कापायचे. म्हणून तर पुढच्या खुर्चीची पाठ धरून बोलायची.

लोरेन: आई? आई घाबरायची?

हार्लन: तीस वर्षं समोर बसलोय मी. दिसायचं मला.

सभाध्यक्ष: बसा, बसा, कॉफी घेऊनच बसा. ठराव अकरावा, नदीवरचा साकव. कोणी मांडतंय?... कोणी नाही? बरं, मग पुढचा...

लोरेन: थांबा! मी. मी मांडते.

सभाध्यक्ष: नाव आणि रस्ता?

लोरेन: लोरेन पेलकी. ओडेटची मुलगी. गिरणी रस्ता, नदीपलीकडून.

सभाध्यक्ष: अनुमोदन?

हार्लन: माझं.

सभाध्यक्ष: हार्लन? अहो, तुम्ही तर विरोधात ना?

हार्लन: आहेच. पण आधी तिचं ऐकून तर घ्या.