भीमाकाकींनी खरं धरलं

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, विचुंब्याच्या गावकीचे प्रमुख आदरणीय महादेव पाटील. व्यासपीठावर विराजमान असलेले आपले लाडके नेते माननीय दिनानाथशेठ. शेठच्या मातोश्री, आम्हा सगळ्यांच्या कमळाआजी. आजच्या सत्कारमूर्ती, पंचक्रोशीच्या धवलारीण श्रीमती भीमाबाई, म्हणजेच आपल्या भीमाकाकी. आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून वेळेच्या आधी येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो...

हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. माफ करा, सवय! आजवर माईकवर मी एवढंच बोलत आलोय. मी जीवन, जीवन साउंड सर्व्हिसवाला. माझं काम माईक लावायचं आणि बाजूला उभं राहायचं. पण काकींचा हट्ट, की माझ्याबद्दल बोलेल तर जीवनच. काकींना नाही म्हणायची या तालुक्यात कोणाची छाती आहे?

मुंबईहून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी आधी सांगतो. आमच्या आगरी लग्नात हॉल नसला तरी चालेल, घोडा नसला तरी चालेल, पण धवलारीण पाहिजे. तिनं धवला, म्हणजे आमचं लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. आणि काकी गायला लागल्या की नवरीची आईच काय, नवऱ्याचा बापसुद्धा डोळे पुसतो. या हॉलमधल्या निम्म्या जोडप्यांना काकींनीच बोहल्यावर चढवलंय. संसार कसा चालला ती ज्याची त्याची जबाबदारी!

आता थोडं शेठविषयी. शेठच्या प्रत्येक सभेला साउंड माझाच असतो, त्यामुळे श्रीमंतांवरचं त्यांचं भाषण मला तोंडपाठ आहे. "हे बंगलेवाले, हे गाडीवाले, हे गरिबाच्या छाताडावर नाचणारे!" या वाक्याला शेठ हात उंचावतात आणि मी पटकन आवाज कमी करतो. कारण मनगटावरचं सोन्याचं कडं माईकवर आपटतं आणि पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसतात. शेठ हसतायत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही. त्यांना खरं तर शेठ म्हटलेलंही आवडत नाही. "मी शेठ नाही, सेवक आहे," म्हणतात. त्यावर त्यांचा ड्रायव्हर गाडीचं दार उघडून म्हणतो, "बसा, सेवकशेठ."

तर काही वर्षांपूर्वी गावकीच्या सभेत शेठ असेच रंगात आले होते. विषय होता हळदीचा खर्च. शेठ गरजले, "या श्रीमंतांनी हळदीचा बाजार मांडलाय! त्यांचं बघून गरीब माणूस जमीन विकून डीजे आणतो. मी आज सांगतो, ज्या मांडवात डीजे वाजेल, त्या मांडवात धवलारणीनं पाऊल टाकू नये!" काय टाळ्या पडल्या महाराजा! आम्ही टाळ्या वाजवल्या, वडापाव खाल्ला आणि घरी गेलो.

भीमाकाकी पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून डीजे असेल तिथं काकी जाईनात. अहो, आपल्याकडे डीजे नसलेली हळद म्हणजे मीठ नसलेलं कालवण! काकींची आमंत्रणं आटली. शेजारच्या करंजाड्याच्या लोकांनी तर मोबाईलवर धवला लावून हळद उरकली. कोणी म्हणालं म्हातारीला माज चढलाय. सांगा बरं, जिचं अख्खं आयुष्य मांडवात गेलं, तिनं लग्नसराईत घरी बसून दुसऱ्याच्या मांडवातले आवाज ऐकायचे, म्हणजे काय होत असेल तिला? मी एकदा वैतागून म्हणालो, "काकी, भाषणं एवढी मनावर घ्यायची नसतात." काकी म्हणाल्या, "गावकीत बोल्ला ना तो? मंग?"

आणि मग आली शेठच्या चिरंजीवांची, आपल्या प्रणितची हळद. मांडव असा की विमानातून दिसावा. झुंबरं, एलईडी, दारात बाउन्सर. डीजे कोणाचा? अर्थात माझा! स्पीकरची अशी भिंत रचली होती, की शेजारच्या सोसायटीतल्या काचा अंगात आल्यासारख्या घुमत होत्या.

कमळाआजींनी काकींना नारळ पाठवून बोलावलं होतं. दोघी चिरनेरच्या, लहानपणापासूनच्या मैतरणी. काकी आल्या, आणि दारातल्या केळीच्या खांबाबाहेर थांबल्या. आत येईनात. आत कमळाआजी हळदीची वाटी घेऊन बसलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, धवल्याबिगर माज्या नातवाला हलद लागायची नाय.

शेठ स्वतः बाहेर आले. मी केबल जोडत तिथंच होतो. शेठ हळूच म्हणाले, "काकी, आत चला. ते सभेतलं बोलणं होतं."

काकी म्हणाल्या, "मंग सभेत आमी बसलेलो, ती मानसं नव्हतो काय रं?"

शेठ म्हणाले, "तसं नाही काकी, ते श्रीमंतांसाठी होतं."

काकींनी झुंबरांकडे बघितलं, गाड्यांच्या रांगेकडे बघितलं, बाउन्सरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बरं. मंग ते श्रीमंत कवा येनार हायत? मी थांबते हितं."

देवाशप्पथ सांगतो, शेठ स्वतःच्याच झुंबरांकडे बघायला लागले. तोवर कमळाआजीच काठी टेकत बाहेर आल्या, काकींच्या शेजारी रस्त्यावर सतरंजी टाकून बसल्या आणि ओरडल्या, "नवऱ्याला भायेर आना!" प्रणित बाहेर आला. त्याच्यामागे आत्या, माम्या, मावश्या, सगळं वऱ्हाड बाहेर. आत रिकाम्या खुर्च्यांसमोर माझा डीजे एकटाच नाचतोय! मग शेठ माझ्याजवळ आले. म्हणाले, "जीवन, बंद कर." आणि पांढऱ्या कपड्यांनिशी खाली बसले, आईच्या पायाशी. त्या संध्याकाळी काकी माईकशिवाय गायल्या आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आलं. माझा धंदा आवाजाचा, पण मी रडलो. शेठही रडले, ते नाही म्हणतील.

शेठ, मनाचा मोठेपणा तुमचा, की आजचा सत्कार तुम्हीच ठेवलात. म्हणूनच हक्कानं एक सांगतो, रागावू नका.

काकींचा आवाज आता थकलाय. पण त्या आज मांडवाचा निरोप घेतायत, त्याचं कारण आवाज नाही. गेल्या महिन्यात देवीच्या जत्रेत तुम्ही म्हणालात, "विचुंब्यात धवल्याची शाळा काढू, काकी पोरींना शिकवतील." आम्ही नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. काकींनी घरी जाऊन, प्रणितच्या हळदीनंतर पुन्हा हाताशी आलेल्या सगळ्या लग्नांना नाही सांगितलं, कारण आता शिकवायला बसायचं. तुमच्याच लेकीनं, कोमलनं, पहिलं नाव दिलंय. आणखी पोरी वाट बघतायत. आता काकींकडे मांडव नाही आणि शाळाही नाही. काल माईक लावायला आलो, तर विचारत होत्या, "जीवन, शाला कंच्या जागेत हाय रं?" मी म्हटलं, उद्या शेठ सांगतील.

अध्यक्ष महाराज, आपण बोलायची संधी दिलीत, ऋणी आहे. कमळाआजींना दंडवत. काकी, तुमच्या पाया पडतो. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल, तर साउंडवाल्याची खरखर समजून पोटात घाला.

यानंतर शेठ दोन शब्द बोलतील. शेठ, माईक चालू आहे, आवाज बरोबर लावलाय. फक्त जपून बोला.

शेजारच्या खुर्चीत काकी आहेत, आणि त्या ऐकतायत.