खांबावरचं झाकण

…नाही, मी म्हणतो, वायरला काय धाड भरली होती? तीस वर्षं भट्टीचं तापमान वायरीतून कंट्रोल रूमला जात होतं, मुकाट्यानं. तर यांनी वायर काढली आणि भट्टीशेजारच्या खांबावर साबणाच्या वडीएवढी डबी बसवली, तिला करंगळीएवढा अँटेना. "काका, आता आकडा हवेतून जाणार." जाऊ दे बाबा. पण तुम्हाला सांगतो, आठवड्यात तीनदा तो गेलाच नाही, आणि आकडा पोचला नाही की भट्टी आपोआप बंद, आतला माल भंगारात.

बरं, बंद कधी पडते? माझ्याच पाळीत. दुसऱ्यांच्या पाळीत डबी कशी शहाण्यासारखी वागते. साहेब चष्मा पुसत म्हणतात, "काका, वय झालं. शेवटचे आठ महिने गेटवर बसा की." गेटवर? नुसत्या आवाजावरून जिचा ताप सांगतो ती भट्टी सोडून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेऊ? रडू आलं हो मला, खरंच.

घरी बायकोचं वेगळंच. "अहो, जेवणाच्या डब्याचं ते खोल झाकण कुठंय? घालून आला असाल कशावर तरी." इथं माझी भट्टी हातची चाललीय आणि हिला झाकणाचं पडलंय. वायरला काय धाड भरली होती, सांगा?

शेवटी डबीवाल्यांनी एक इंजिनिअर मुलगी पाठवली. दोन दिवस लॅपटॉप घेऊन फिरली, बॅटरी बदलली, माझ्या मोबाइलवरही संशय घेतला. तिसऱ्या दिवशी शिडी चढली आणि वरूनच विचारते, "काका, हे स्टीलचं काय आहे?"

काय असणार? वरचा पाइप अधूनमधून ठिबकतो. नवंकोरं यंत्र भिजू नये म्हणून ठिबकायला लागलं की मी त्याला अँटेनासकट झाकायचो, पाळी संपली की कुणी पळवू नये म्हणून झाकण कठड्यामागं लपवायचो. आता स्टीलमधून आकडा बाहेर पडत नाही हे मला कोण सांगणार… वायर असती तर पडला असता की.

म्हटलं, "लिही बाई माझं नाव." तिनं रिपोर्टात लिहिलं, 'यंत्रावर पाणी ठिबकते. प्लॅस्टिकचे झाकण बसवावे. सूचना : भट्टीवाले काका.' साहेबांनी पाठ थोपटली. गेट रद्द.

संध्याकाळी झाकण बायकोपुढं ठेवलं. तिनं विसळलं, डब्यावर बसवलं आणि एवढंच विचारलं, "कशावर घातलं होतं?"

बारा स्क्रीनवाल्या कंट्रोल रूमला तीन आठवडे जे कळलं नाही, ते हिला ओट्याशी उभ्या उभ्या पहिल्याच दिवशी पोचलं होतं. आणि इथं तर कधी वायरही नव्हती.