त्या राजाची सुट्टी

आखातातल्या मुऐदरच्या क्लिनिकात रामेश्वर ड्रायव्हर दाढ धरून बसला होता. मागच्या बाकावर बाप आणि लेक मराठीत बोलू लागले, तशी त्याची दाढ जरा कमी ठणकू लागली.

"अब्बा, ग्रीकांच्या गोष्टींत समुद्र म्हणजे अख्ख्या जगाभोवती फिरणारी नदी असते."

"नदी म्हटली की पलीकडचा किनारा आला."

"तिकडे मेलेली माणसं राहतात. एक राजा बोटीने जाऊन आईला भेटला."

"बोलली काय आई?"

"भरपूर. पण मिठी मारायला गेला, तर हाताला लागेचना."

"आपली दादी व्हिडिओ कॉलवर असते तशी."

"दादी रत्नागिरीला आहे, अब्बा. तिला मिठी मारता येते."

"सुट्टी मिळाली की जाऊ, इन्शाल्ला."

"दरवेळी हेच सांगता."

"मग त्या राजाला सुट्टी कुणी दिली, तेही सांग."

रामेश्वरचा नंबर दोनदा पुकारला गेला. उत्तर ऐकल्याशिवाय तो काही उठेना.