दळण संपेस्तोवर

बंद नका करू भाभी, चालू राहू द्या – व्हय, आवाज आहे, थोडा जास्तच आहे, पण त्या आवाजाचाच तर फायदा आहे, बाहेर हॉलमध्ये आत्याबाई बसल्यात ना, आमच्या सासूबाई, त्यांना स्वयंपाकघरातनं मांजर गेलं तरी ऐकू येतं, फक्त ही गिरणी चालू असली की नाय येत. म्हणून तर मी दिवसातनं एकदा काहीतरी दळतेच. गहू नसले तर डाळ, डाळ नसली तर नुसते धने. तुम्ही घरनं गहू घेऊन आलात ते लई बरं केलं – गिरणी घेताना आपलं धान्य टाकूनच बघावं, दुसऱ्याच्या पिठावर जाऊ नये. टाका, सगळे टाका. दाणे संपले की ही आपोआप बंद पडते, मग मी पण बंद. लग्न होऊन थंडीत आले मी या घरात, तेव्हापासनं सगळं गारखेडा म्हणतं, सुदर्शनची बायको तनुजा लई शांत आहे. शांत नाय हो, बोलायला जागाच नाय मिळत – निम्मी जागा आमच्या यांनी घेतलेली असते, उरलेली टीव्हीनं.

का विकताय, म्हणालात? जाहिरातीत लिहिलंय की यांनी – परदेशी जात असल्यामुळं तातडीनं विकणे आहे, घरगुती गिरणी, नवी, कमी वापरलेली. कमी वापरलेली! आता बघा, यांना भाकरीच दिसते, दळण दिसत नाय. कोण जातंय परदेशी? आम्ही. म्हणजे हे. म्हणजे आधी हे – सांगते, थांबा, गहू खाली सरकवा जरा, हां, असं.

त्याचं असं झालं की निवडणुकीत यांचा माणूस पडला. यांचा म्हणजे यांना हवा होता तो, ओळख ना पाळख. कोणता पक्ष ते मी सांगत नाय, तुमचा कोणता ते मी विचारत नाय, आपण दोघी गिरणीपाशी उभ्या आहोत, तेवढं बास आहे. निकालाच्या दिवशी यांनी शेंद्र्याच्या कंपनीत रजा टाकली, पहाटेच आंघोळ केली, पेढे आणून फ्रीजमध्ये ठेवले, टीव्हीसमोर असे बसले जसं काय यांचाच बारावीचा निकाल आहे. दुपारपर्यंत माणूस मागं, दुपारनंतर आणखी मागं, संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी त्याचं नाव घ्यायचंच सोडून दिलं. इकडं तर पडलाच, वर दिल्लीत पण यांच्या मनासारखं झालं नाय. मग हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, या देशात आता राहण्यासारखं काय उरलेलं नाय. आत्याबाई म्हणाल्या, बरं, मग जाण्याआधी जेवून घे. जेवले. दोनदा भात घेतला. पेढे मग आम्हीच संपवले, दुःखात, चार दिवस पुरले.

मला वाटलं, उतरेल. राग आहे, पावसाळी ढगासारखा, आपल्याकडं कुठं थांबतो तो. पण दुसऱ्या दिवशी यांना कॅनडा सापडला. तेव्हापासनं कॅनडाच – तिथं रांगेत कोण घुसत नाय, तिथं हॉर्न वाजवत नायत, तिथं नळाला चोवीस तास पाणी. ते खरंय म्हणा, आपल्याकडं आठवड्यानं नळ येतो तर त्या दिवशी सण असतो घरात. पण भाभी, ज्या माणसाला मोटार लावायला सासूबाई उठवतात, त्यानं पाण्यावर बोलू नये. आणि हे काय पहिल्यांदा निघालेत का? लग्नाच्या आधी पुण्याला नोकरी लागली होती, चांगली, कंपनीची बस दारात. तिसऱ्या महिन्यात परत. का, तर मेसच्या वरणात गूळ असायचा. आत्याबाईंनीच सांगितलं मला हे, कौतुकानं. ज्याला पुण्याचं वरण सोसलं नाय तो कॅनडात काय खाणार, मॅपलचं सिरप? ते तर नुसता गूळच आहे म्हणे पातळ केलेला.

आता खरी गंमत सांगू? आवाज कमी नाय ना झाला? बघा, वाकून बघा, दाणे आहेत ना अजून. हां. तर गंमत अशी की यांनी मत दिलंच नाय. खरं सांगते. आमचं माहेर वेरूळचं, लेण्यांच्या अलीकडं. पहिल्या वर्षी जावयाला रसाला बोलवायचं, ही रीत आहे आमच्यात, आणि आंबा काय मतदानाची तारीख बघून पिकत नाय. माझं नाव अजून माहेरच्याच यादीत, म्हणून म्हटलं चला, मी मत देते, हे रस खातात, दुपारी निघून हे इथं गारखेड्यात मत देतील. सगळं ठरलेलं. पण आमच्या आईचं वाढणं – जावई ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढायचं, तसाच नियम आहे. आणि हे पडले भिडस्त. हात आडवा धरायचा असतो हे यांना कोणी सांगितलंच नव्हतं. वाटी रिकामी झाली की आई भरायची, आईनं भरली की हे संपवायचे, वरनं तूप, बाजूला कुरडई, भजी. मी मत देऊन आले तर हे कूलरसमोर आडवे. घोरत.

मी म्हटलं उठवा. बाबा घड्याळाकडं बघायचे, मग आईकडं बघायचे. आईनं बाहेर खेळणारी गल्लीतली पोरं हाकलली, म्हैस सुद्धा लांब बांधायला लावली. म्हणते कशी, पहिल्या वर्षीचा जावई झोपेतनं उठवायचा नसतो. मी म्हटलं, आई, मतदान सहाला बंद होतं. तर म्हणते, मतदान पाच वर्षांनी परत येतंय, जावयाची पहिली झोप परत येत नाय. उठले तेव्हा दिवा लागायची वेळ झाली होती. चहा मागितला. मग आठवलं, तर तोंड एवढंसं झालं – मला वाईट वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलू. पण गाडीत बसायच्या आधी यांनी काय केलं माहितीये? माझ्या भावाचं, सत्यमचं बोट धरलं, शाई लावलेलं, शेजारच्या बोटात स्वतःची साखरपुड्याची अंगठी घातली, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, मी माझं कर्तव्य केलं, तुम्ही? लई लाईक आले. अंगठी सत्यमच्या बोटात अडकली, तेल लावून काढली, ते काय स्टेटसला आलं नाय.

आणि निकालाच्या रात्री हेच म्हणाले, लोक झोपा काढतात म्हणून असं होतं. मी ताटं उचलत होते. काय बोलणार? मी शांत आहे.

हसा भाभी, हसा, मी पण हसत होते. यांनी कॅनडासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला तेव्हा पण हसले. घरात इंग्रजी बोलायचे, माझ्याशीच, कारण मी उलटून बोलत नाय. आत्याबाईंशी एकदा बोलून बघितलं तर त्यांनी गावाकडची एक शिवी दिली, परत त्या वाटेला गेले नायत. मला वाटलं, होईल वरणासारखंच. तर भाभी, पास झाले. चांगल्या मार्कांनी. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाय. सेव्हन हिलला परदेशी पाठवणाऱ्या एजंटाचं ऑफिस आहे, लगेच पाठवतो म्हणतो तो, तिथं जाऊन बसतात आता रोज संध्याकाळी. ती बघा, माळ्यावर, निळी बॅग, चार चाकांची, अजून टॅग पण काढलेला नाय. बॅग आली की माणूस निघाल्यासारखाच वाटतो, नाय का.

मग म्हणाले, घरातलं जादा सामान काढून टाकू. मला वाटलं यांची बुलेट काढतील. बुलेट राहणार, इथं आल्यावर लागेल. टीव्ही राहणार, आत्याबाईंना लागतो. व्यायामाचं ते मशीन, ज्यावर टॉवेल वाळतात, ते पण राहणार. जादा काय निघालं? माझी गिरणी. बाबांनी दिलेली. सोफा द्यायचा होता आईला, बाबांनी गिरणी आणली, म्हणाले, पोरगी मुकी बसणारी आहे, घरात काहीतरी तिचं असू दे. ते हळदीचं स्वस्तिक तेव्हाचंच आहे – पुसता येईल, काळजी नको, ओल्या फडक्यानं निघतं. म्हणजे निघेल. मी काय काढून बघितलं नाय.

यांनी मला विचारलं का? विचारलं की. फोटो काढून झाल्यावर विचारलं – तुला काय अडचण नाय ना? आता फोटो काढून झाल्यावर अडचण कुठं असते. आणि मी? मी कुठं जाणार ते पण ठरलंय. आधी हे जाणार, तिथं जम बसवणार, मग मला नेणार. तोवर मी इथं, आत्याबाईंजवळ. तोवर म्हणजे किती, ते काय सांगितलं नाय, पण नेणार. लई वेळा म्हणालेत. आता आखाडात मी माहेरी जाईन महिनाभर, पहिला आखाड ना, नव्या सुनेनं सासूच्या नजरेसमोर राहायचं नसतं, तेव्हाच यांचं निघायचं चाललंय. म्हणजे बघा, रीत पण सांभाळली जाते आणि निरोपाला रडारड पण होत नाय. हे हुशार आहेत, कोण नाय म्हणतंय.

काय झालं? तुम्ही एकदम – नाय, तुम्ही हसायच्या थांबलात म्हणून विचारलं.

काय म्हणालात, जरा मोठ्यानं बोला, आवाज आहे. जेद्दाह? तुमचे साहेब तिथं असतात व्हय. ड्रायव्हर. अच्छा. तुम्हाला पण असंच – जम बसला की नेतो? हां. आणि तेव्हा मुलगी केवढी होती? पोटात.

आणि आता?

चौथीत.

येतात ना पण मधून? दोन वर्षांनी. खजूर आणतात. चांगला असतो तिकडचा खजूर, मी खाल्लाय एकदा. नाय, नाय, तसं नाय म्हणायचं मला, लोक वाईट नसतात भाभी. आमचे पण वाईट नायत. रात्री माझ्यासाठी पाण्याचा तांब्या स्वतः भरून ठेवतात. नेणार म्हणजे नेणारच म्हणतात, डोळ्यात बघून म्हणतात. तुमचे पण डोळ्यात बघूनच म्हणाले असतील.

म्हणून गिरणी हवीये तुम्हाला. शेजारपाजारचं दळण घेणार, मुलीची फी, घरातला खर्च – व्हय, कळलं. आत्ता कळलं. मला वाटलं हौस म्हणून आलात.

ज्वारीला दुसरी जाळी लावावी लागते, ती डब्यात आहे, खाली, लाल पिशवीत – नाय. थांबा. कशाला सांगतेय मी हे तुम्हाला. भाभी, राग मानू नका. तुमची नड माझ्यापेक्षा मोठी आहे, मला दिसतंय ते, मी आंधळी नाय. पण ही दिली ना, तर चार वर्षांनी मलाच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गहू घेऊन उभं राहावं लागेल, आणि ती नवी नवरी बोलत असेल, आणि मी ऐकून घेत असेन. तुम्ही ऐकून घेतलंत तसं. नाय द्यायची मी. सत्यमच्या मित्राचं दुकान आहे क्रांती चौकात, जुन्या पण ठेवतो तो, मी फोन करून सांगते, माझ्या ओळखीच्या भाभी आहेत म्हणून सांगते, तो बघेल. ती बॅग हवी तर घेऊन जा. धान्य ठेवायला चांगली आहे, उंदीर लागणार नायत. मस्करी करत नाय हो – बरं, करतेय थोडी.

यांना काय सांगणार? ते मी अजून – दाणे संपत आले का? बघा, आवाज बदलला. ऐका, लवकर ऐका, मी काय बोलले ते तुम्ही काय –

थांबली.

आत्याबाई, झालं दळण. काय? नाय, नाय घेत त्या. आवाज लई आहे म्हणतात, डोकं दुखतं. व्हय, मी पण तेच सांगत होते त्यांना, सगळ्यांना असंच वाटणार, आता कोण घेत नाय हिला, जाहिरात काढूनच टाका म्हणावं यांना.

पीठ गरम आहे भाभी, घरी गेल्याबरोबर डब्याचं झाकण लावू नका. या.