बिननंबरी सायकल

...आणि नंबर कुठून आणू मी, तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं सायकलवरून कामाला जातेय, हॉस्पिटलच्या शिवणखोलीत, चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे सगळे माझ्या हातचे, आणि चौतीस वर्षांत मला कुणी सायकलचा नंबर विचारला नाही. विचारला कधी? तर सायकलचा प्रचार सुरू झाला तेव्हा. सायकलला तोंड नाही, म्हणून मला बोलावं लागतं.

त्याचं झालं असं, मोठ्या साहेबांच्या मनात आलं, सगळ्यांनी सायकलने कामाला यावं. साहेब स्वतः गाडीने येतात, ते जाऊ द्या, हृदयाचे डॉक्टर आहेत, दुसऱ्यांच्या हृदयाची काळजी करतात... तर फाटकापासून कॅन्टीनपर्यंत पोस्टरं लागली. पोस्टरवर एक बाई सायकलवर, चढ चढतेय आणि सगळे दात दिसतायत. चढावर दात दिसतात का हो? चढावर माणूस ओठ आवळतं. प्रचारासाठी नेमलेल्या समितीला तसं सांगितलं, तर समिती हसली. सातही जण गाडीवाले, त्यातल्या दोघांना सायकलच येत नाही, हे मी विचारून घेतलं.

मग नियम निघाला, सायकल आत आणायची तर पास हवा. पासाला अर्ज. आणि अर्ज कुठला, तर मोटारींचाच, वरचं नाव तेवढं बदललेलं. गाडीचा नंबर, लायसन्स, इंधन कोणतं. खिडकीतला कारकून म्हणतो, "आजी, एकही रकाना रिकामा चालत नाही." म्हटलं, आजी घरी, इथे बाई म्हणायचं. नंबरात शिलाई मशीनचा नंबर टाकला, इंधनात लिहिलं, कपभर चहा. अर्ज नामंजूर.

दुसऱ्या दिवशी फाटकात रखवालदार आडवा. ज्याची पँट मी दोनदा सैल करून दिली, तोच. "मावशी, पास नाही तर सायकल बाहेर रस्त्यावर." रस्त्यावरून गेल्या महिन्यात लॅबवाल्याची सायकल गेली, कुलूप तेवढं राहिलं. माझी गेली तर? बसथांबा घरापासून दीड किलोमीटर, आणि माझे गुडघे चालायला नाही म्हणतात, पायडल मारायला हो म्हणतात, का ते हाडांच्या डॉक्टरलाही कळलं नाही. म्हणजे सायकल गेली की काम गेलं, आणि सुनेला तेच हवंय, "आई, आता घरी आराम करा ना..." आराम कुणाचा, ते ती सांगत नाही. सायकलला तोंड नाही, म्हणून मला बोलावं लागतं.

तर त्या दिवशी बोललेच नाही. सायकल फाटकात आडवी लावली आणि कॅरिअरवर बसले. अँब्युलन्सचं फाटक वेगळं आहे, माणसं मारायला नव्हते बसले. मागे साहेबांची गाडी, हॉर्नवर हॉर्न. काच खाली आली. "हा काय प्रकार आहे?" म्हटलं, "साहेब, प्रचार चाललाय. तुमचाच."

साहेबांनी उभ्याउभ्या अर्ज मागवून वाचला, इंधनापाशी जरा थांबले. पास दुपारीच हातात. वर समितीची अध्यक्ष केलं, म्हणजे मी गप्प बसेन. मी? पहिल्याच बैठकीत ठराव केला, समितीने आठवड्यातून दोनदा सायकलने यायचं. सायकल न येणाऱ्या दोघांना मीच मागून धरून शिकवतेय, त्यातले आस्थापना विभागाचे साहेब परवा कुंपणात गेले, पण उठले बिचारे.

आता पुढचं ऐका. समितीच्या अध्यक्षाला न्यायला-आणायला गाडी द्यायची, असा हॉस्पिटलचा जुना नियम. सकाळी आठला ड्रायव्हर दारात. म्हटलं, परत जा. तर म्हणतो, "बाई, तुमच्याबरोबर आलो नाही तर माझा खाडा लागतो." दोन लेकरांचा बाप तो, त्याच्या पोटावर पाय कसा देऊ? तेव्हा हल्ली रोज सकाळी पुढे सायकलवर मी, आणि मागून माझ्या वेगाने रांगत येणारी रिकामी गाडी. रस्त्यातल्या लोकांना वाटतं, म्हातारीला पकडून नेतायत. आता कुणाकुणाला उतरून सांगत बसू? कामावर उशीर होतो.