मारोतरावांचा नाचणारा गुंड

…नाही, पण मी विचारायला नको होतं का? तुम्हीच सांगा! सरकारी खात्याच्या फिल्मसाठी विजेची तार किती जाड काढायची, हे मी अकरा वेळा विचारलं. आणि इतवारीतल्या मारोतरावांना एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. का? तर लहान काम आहे!

तुम्हाला सांगतो, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माणसानं गुलाब लावावेत. मी कार्टून फिल्म करायला घेतल्या… एकटा, घरात, जेवणाच्या टेबलावर! सेकंदाला बारा चित्रं. खात्याची फिल्म दहा मिनिटांची, ‘उघड्या तारेला हात लावू नका’, म्हणजे सात हजार दोनशे चित्रं, चौथं वर्ष चालू, मंजुरीचा पत्ता नाही, आणि वर समिती! नायकाला मिशी द्या… मिशी काढा… सदऱ्याला खिसा हवा… खिशात काय आहे?

अशात मारोतराव आले. भांड्यांचं दुकान. “प्रोफेसरसाहेब, थेटरात इंटरवलले दाखवाची वीस सेकंदाची जाहिरात पायजे. लगीनसराई हाय ना! एक गुंड नाचत-नाचत येते, बाई त्याले उचलून कंबरेवर घेते अन् म्हणते, असा गुंड घरोघरी पायजे! बस. लहान काम हाय!”

“दिसतो कसा?” एवढं विचारलं हं मी!

“कसा म्हंजे? पोट गोल, गळा आखूड, तोंड रुंद, अन् चमकला पायजे!”

आता गुंडाचं याहून नेमकं वर्णन कोण करणार? भांड्यांच्या जाहिरातीत गुंड कशाला, ही शंका मला आली होती, नाही असं नाही… पण वाटलं, प्रतीक असेल! फार शिकलं की असं होतं. मी टक्कल काढलं. चमकवलं. झुपकेदार मिशा, गालावर व्रण, हातात सुरा… सुरा मग पुसला, लग्नसराई म्हणून. खात्याच्या फिल्मचं प्रत्येक चित्र मी कौसल्येला, म्हणजे आमच्या हिला, दाखवतो. हे दाखवलं नाही. लहान काम!

थेटरात मी, ही, आणि मारोतरावांचं अख्खं खानदान. इंटरवल झालं. मिशाळ गुंड ठुमकत आला, बाईनं त्याला लहान पोरासारखा कंबरेवर घेतला, तो लाजला… आणि थेटरभर शिट्ट्या!

“माहा गुंड कुठी हाय?” मारोतराव ओरडले.

“हा काय!”

“हा कोन होय?”

“गुंड!”

कौसल्येनं कपाळावर हात मारला. “अव माय! गुंड म्हंजे पाण्याचा गुंड! पितळेचा! आपल्या मोरीपाशी हाय तो!”

“ती तर कळशी! आमच्या गावाकडे कळशीच म्हणतात!”

“तुमच्यासाठी त्याले ‘कळशी’ म्हणून राहिली मी, तीस वर्षांपासून!”

तीस वर्षं, हो! रोज सकाळी त्यातलंच पाणी प्यालो. आणि माझी पीएच.डी. कशात? शब्द आणि अर्थ यांच्या संबंधात! पाचशे बारा पानं!

पुढं ऐका. दुसऱ्या दिवसापासून लकडगंजापर्यंतच्या बायका मारोतरावांच्या दुकानात… “तो मिशीवाला गुंड दाखवा जी!” मारोतराव खूश. मी मात्र घरात दडून. आणि तेवढ्यात खात्यातून बोलावणं! समितीचे विश्वनाथसाहेब म्हणे परवा थेटरात होते. संपलं, म्हटलं… चार वर्षं पाण्यात!

साहेब हसत होते. “प्रोफेसर, तुमचा गुंड समितीला फार आवडला. तारेला हात लावणारा आपला नायक आहे ना, त्याच्या जागी गुंड बसवा, की मंजुरी. बाकी काही बदलायचं नाही. लहान काम आहे!”

लहान काम! नायक प्रत्येक चित्रात आहे हो! सात हजार दोनशे! पण मी आता शहाणा झालो होतो. ताबडतोब विचारलं, “साहेब, गुंड म्हणजे नक्की कोणता? मिशीचा, की पितळेचा?”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. म्हणाले, “हं… दोन्ही काढून आणा. समिती ठरवील.”

…मी विचारायला नको होतं.