भाकरीचं गाठोडं

सेलू स्टेशनावर गाडीला उशीर होता. बाळाला घेऊन मी बाकावर बसले. शेजारी एक धनगर आणि मांडीवर भाकरीचं गाठोडं घेतलेली त्याची बायको. किरणांच्या शेकानं त्याचा गळा काळवंडलेला. ती त्याला समजावत होती.

"डाक्तर म्हनले, कॅन्सरचा शेक सरंपत्तर नाकातून नळी, न्हाईतर पोटाला भोक. दूध तिथून जाईल."

"मी काय आईविना कोकरू हाय?"

"त्यालाबी तुमीच नळीनं पाजलं की. जगलं न्हवं?"

"चव कळंल का?"

"न्हाई."

"मग नगं. तू भाकर खा."

"तुमच्या आदी कवा खाल्ली मी?"

"म्हंजी? किती दिस झाले?"

"तुमचं गिळनं बंद झाल्यापून. चार."

त्यानं तिच्या मांडीवरच्या गाठोड्याला हात लावला.

"नाकातून घालाया सांग. सोड गाठोडं, म्हाळसे."

"आदी तुमच्या पोटात दूध जाऊ द्या."